सूज मऊ आहे तोवर

हातापायाच्या न उतरणाऱ्या सुजेवर मी फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. माझ्याकडे माणसं दोन वाटांनी येतात. काही भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरच्या धानपट्ट्यातून येतात, हत्तीपाय घेऊन. काही येतात कर्करोगाच्या उपचारांनंतर. स्तनाचं ऑपरेशन झालेलं असतं, काखेतल्या गाठी काढलेल्या असतात, रेडिएशनचे शेक घेऊन झालेले असतात आणि आता हात भरून आलेला असतो. एकाला डासाने दिलेलं दुखणं, दुसऱ्याला जीव वाचवताना पदरी पडलेलं. पण पाय असो की हात, माझ्या बोटांना लागतं ते सारखंच. आधी मऊ असलेली सूज हळूहळू चिवट होते आणि शेवटी दाबली तरी दबत नाही. डॉक्टर या दुखण्याला लिम्फेडेमा म्हणतात आणि त्यातल्या कडकपणाला फायब्रोसिस. माझं सगळं काम या कडकपणाशी झगडण्यात जातं. त्यातून जे हाती लागलं, ते लिहिते आहे.

१. ही सूज म्हणजे नुसतं पाणी नव्हे.

"लघवी जास्त होण्याची गोळी द्या, म्हणजे पाय उतरेल," असं रुग्ण म्हणतात, आणि कित्येकांनी ती गोळी गावात महिनोन् महिने खाल्लेलीही असते. रक्तवाहिन्यांतून रोज काही लिटर द्रव पेशींच्या भोवती झिरपतो. तो उचलून पुन्हा रक्तात नेण्याचं काम लसिकावाहिन्यांचं. केसाहून बारीक असं हे जाळं आहे. त्या द्रवात प्रथिनं असतात, चरबीचे कण असतात, मेलेल्या पेशींचा कचरा असतो, कधी जंतूही असतात. वाहिन्या नादुरुस्त झाल्या की हे सगळं त्या हातात किंवा पायात साचून राहतं. लघवीची गोळी त्यातलं थोडं पाणी कमी करते. प्रथिनं जागच्या जागी राहतात आणि पुन्हा पाणी धरून ठेवतात. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या दुखण्यामुळे पाय सुजले असतील, तर या गोळ्यांचं काम आहे आणि त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यायच्याच. पण लसिकेच्या सुजेवर तो उपाय नव्हे.

२. टेपच्या आधी बोटाने बघावं.

नवा रुग्ण आला की मी घोट्याच्या वर अंगठ्याने दाबून धरते, सावकाश, मनात दहा म्हणून होईपर्यंत. अंगठा उचलला की खड्डा राहतो का, आणि राहिला तर किती वेळाने भरतो, ते बघते. खोल खड्डा पडला तर मला बरं वाटतं. आत अजून द्रव आहे, तो हलवता येईल. सूज भरपूर आहे पण अंगठा रुतत नाही, असं झालं तर पुढचं काम लांबचं आहे हे समजून घेते.

मग पायाच्या दुसऱ्या बोटाच्या मुळाशी, वरच्या बाजूने, कातडी चिमटीत धरून बघते. निरोगी पायाची कातडी सहज उचलली जाते. लिम्फेडेमात ती जाड होते आणि चिमटीत येतच नाही. रॉबर्ट स्टेमर यांनी १९७६ मध्ये ही खूण नोंदवली. यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही, घरातलं कुणीही करून बघू शकतं. एवढं मात्र ध्यानात ठेवावं की चिमटी आली म्हणून आजार नाहीच, असं होत नाही. सुरुवातीच्या दिवसांत ती येते.

आजाराच्या पायऱ्याही या मऊ-कडकपणावरच ठरतात. पहिल्या पायरीला रात्री पाय उंच ठेवून झोपलं की सकाळी सूज ओसरलेली असते. दुसरीला नुसतं उंच ठेवून भागत नाही. खड्डा पडतो, पण पुढे तोही पडेनासा होतो. तिसरीला कातडीला घड्या, गाठी आणि चामखिळीसारखे उंचवटे येतात. पहिल्या पायरीचे रुग्ण माझ्याकडे फार थोडे येतात. आलापल्लीकडच्या एका मावशींना मी विचारलं, इतकी वर्षं का थांबलात? त्या म्हणाल्या, "दुखत तं नव्हता ना पाय, मंग काहाले येऊ?" या दुखण्यात माणूस उशिरा येतो त्याचं खरं कारण त्या एका वाक्यात सांगून गेल्या.

३. कडकपणा बाहेरून येत नाही, शरीरच तो घडवतं.

हे नीट समजल्यावर माझी काम करण्याची पद्धत बदलली, म्हणून यावर जरा थांबते.

काखेतल्या गाठी एका दिवसात काढल्या जातात. वाहिन्या त्याच दिवशी तुटतात. मग हात सहा महिन्यांनी, वर्षाने, कधी दोन-तीन वर्षांनी का सुजतो? नुसती वाट बंद झाल्यामुळे सूज येत असती, तर ती दुसऱ्या आठवड्यातच यायला हवी होती. मधल्या काळात आत काहीतरी चालू असतं. ते म्हणजे दाह, आणि तोही गुपचूप चालणारा. ताप नाही, ठणका नाही, पण थांबतही नाही.

साचलेल्या द्रवाला शरीर न भरलेली जखम समजतं. तिथे संरक्षक पेशी गोळा होतात, त्यात सीडी-४ जातीच्या टी पेशी आणि कचरा खाणाऱ्या मॅक्रोफेज पेशी पुष्कळ असतात. त्या टी पेशी जे रासायनिक निरोप सोडतात, त्यांतले इंटरल्युकिन-४ आणि इंटरल्युकिन-१३ हे जखम भरून आणणाऱ्या धाटणीचे असतात. टीजीएफ-बीटा नावाचं द्रव्य वाढतं आणि तंतू विणणाऱ्या पेशींना कामाला लावतं. त्या कोलॅजनचे धागे विणत सुटतात. भाजलेल्या जागी व्रण असाच तयार होतो, पण तिथे जखम भरली की विणकाम थांबतं. इथे द्रव हटत नाही, म्हणून विणकाम थांबत नाही.

न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कर्करोग केंद्रात बाबक मेहरारा यांच्या गटाने उंदरांच्या शेपटीतल्या लसिकावाहिन्या तोडून हे पाहिलं. ज्या उंदरांत सीडी-४ पेशी नव्हत्या, त्यांच्या वाहिन्या तितक्याच तुटल्या होत्या, तरी त्यांच्या शेपटीत सूज आणि कडकपणा फारच कमी राहिला. म्हणजे वाहिनी तुटणं ही आजाराची सुरुवात असते, आणि पुढची पडझड दाहामुळे होते.

त्यातली सर्वांत वाईट गोष्ट अशी की हे धागे उरलेल्या धडधाकट वाहिन्यांनाही सोडत नाहीत. मोठ्या लसिकावाहिन्यांच्या भिंतीत स्नायू असतात. त्या आकुंचन पावून द्रव पुढे ढकलतात. दाहाच्या जागी मॅक्रोफेज नायट्रिक ऑक्साइड सोडतात आणि त्याने ही आकुंचनं मंदावतात. हळूहळू भिंती जाड होतात, आतली वाट अरुंद होते, त्यामुळे द्रव आणखी साचतो आणि दाह आणखी वाढतो. सोबत चरबीही वाढते. स्वीडनमधल्या मालमो इथले शल्यचिकित्सक होकान ब्रॉर्सन यांनी जुन्या सुजलेल्या हातांतून लायपोसक्शनने जे बाहेर काढलं, ते बहुतांशी चरबी होतं. पाणी आहे असं सगळे धरून चाललेल्या हातात पाणी थोडंच उरलं होतं.

हत्तीपायाचीही हीच कथा. बुचेरेरिया बँक्रॉफ्टाय हा जंत क्युलेक्स डासातून येतो आणि लसिकावाहिनीत पाच-सात वर्षं राहतो. त्याच्यामुळे वाहिन्या सैल पडून फुगतात. तो मेला की तिथे दाह होतो. जंत संपतो, पण त्याने लावून दिलेलं चक्र चालूच राहतं. "रक्तात जंतू नाहीत म्हणाले, मग पाय का वाढतो?" या प्रश्नाचं उत्तर हेच आहे.

४. प्रत्येक ताप पायाला एक पायरी वर नेतो.

मंद दाह चालू असतो, त्यावर अधूनमधून भडका उडतो. आधी जांघेत अवधाण येतं, मग हुडहुडी भरते, ताप चढतो, पाय लालबुंद होतो, हात लावू देत नाही. चार-सहा दिवसांत ओसरतं. घरचे म्हणतात, "अमावस्येला येतो," "पाणी बदललं," "जंतू हलला." खरं कारण बहुधा बोटांच्या बेचकीत असतं. चिखल्या झालेल्या, ओल्या, फाटलेल्या कातडीतून जिवाणू शिरतात, बहुतेक वेळा स्ट्रेप्टोकोकस. निरोगी पायातून ते लसिकेबरोबर गाठीपर्यंत जातात आणि तिथे मारले जातात. साचलेल्या पायात ते ठाण मांडतात.

ताप उतरला की माणूस सुटकेचा श्वास टाकतो. पण मी जुन्या मापांच्या वहीत बघते तेव्हा ताप येऊन गेल्यावरचा घेर आधीपेक्षा जास्त असतो आणि बोटाला तो पाय अधिक घट्ट लागतो. जो पाय वर्षातून पाच-सहा वेळा तापतो तो झपाट्याने कडक होतो, ज्याचे ताप थांबले तो वर्षानुवर्षं तिथेच राहतो. ब्राझीलमधल्या रेसिफे इथे जेरुसा ड्रायर यांनी हत्तीरोगाच्या रुग्णांना साबण-पाण्याने पाय धुण्याची शिस्त लावली आणि तापाचे झटके कमी होतात हे दाखवून दिलं. जागतिक आरोग्य संघटनेचं आजचं धोरण त्या कामावर उभं आहे.

ताप आलाच तर पाय चोळायचा नाही, बँडेज काढून ठेवायचं, पाय उंच ठेवून पडून राहायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जाऊन जिवाणूंवरचं औषध सुरू करायचं. वारंवार ताप येणाऱ्यांना डॉक्टर कमी मात्रेत पेनिसिलिन बराच काळ देतात. २०१३ मध्ये ब्रिटनमधली एक चाचणी प्रसिद्ध झाली. पायाला पुन्हा पुन्हा असा संसर्ग होणाऱ्यांना वर्षभर पेनिसिलिन दिलं, तेव्हा २२ टक्क्यांना तो परत झाला. नुसती साखरगोळी घेणाऱ्यांत ३७ टक्क्यांना. औषध थांबवल्यावर मात्र संरक्षण टिकलं नाही. म्हणून गोळीबरोबर बेचक्यांची काळजी हवीच.

५. बेचक्या कोरड्या ठेवणं हाच मोठा उपचार.

पाय कसा धुवायचा हे मी तोंडाने सांगून थांबत नाही, घरच्या माणसाला समोर बसवून त्याच्या हातून करून घेते. घमेल्यात साधं पाणी, गरम नाही. साधा अंगाचा साबण. आधी मांडीकडून खाली, मग घोटा, मग टाच. घड्या असतील तर प्रत्येक घडी दोन बोटांनी उघडून आत फेस न्यायचा. शेवटी बेचक्या, एकेक. पाणी निवळ दिसेपर्यंत ओतायचं. मग पुसणं, आणि खरी मेहनत इथेच. जुन्या धोतराची किंवा लुगड्याची मऊ चिंधी बेचकीत घालून टिपायचं, ओढायचं नाही. करंगळीजवळची बेचकी सर्वांत अरुंद असते, चिखल्या तिथेच सुरू होतात, आणि तीच सगळे विसरतात. पांढरी, फुगलेली कातडी दिसली तर बुरशीवरचं मलम. दुसरीकडे खोबरेल चालेल, बेचकीत तेल नको.

रोवणीच्या दिवसांत बाया दिवसभर बांधीतल्या चिखलात असतात. गमबूट घाला म्हणणं सोपं आहे, पण ते गाळात रुततात आणि वाकून परे लावता येत नाहीत. पायाला जखम असेल तितके दिवस चिखलात उतरू नका, आणि उतरलात तर धुऱ्यावर आल्या आल्या पाय धुऊन कोरडे करा, एवढं मी सांगते. ते जमतं.

बिब्बा लावणं आणि डाग देणं मात्र बंद व्हायला हवं. बिब्ब्याने कातडी भाजते, फोड येतात, आणि आधीच धुमसणाऱ्या पायात आपण हाताने नवा दाह पेटवतो. डागलेल्या पायावरचे व्रण मी पाहते तेव्हा त्यांच्या भोवतीचा भाग सर्वांत कडक लागतो.

६. बँडेज बांधून बसायचं नाही, चालायचं.

कडक भाग मऊ करण्याचं आपल्या हातातलं सर्वांत भरवशाचं साधन म्हणजे दाब. औषधाच्या दुकानातलं खूप ताणलं जाणारं क्रेप बँडेज यासाठी उपयोगाचं नाही. कमी ताणाचं, थरांनी बांधायचं बँडेज लागतं. चालताना पोटरी फुगते, बँडेज हटत नाही, त्या दोहोंमध्ये द्रव दाबला जाऊन वर सरकतो. कडक जागेवर मी आतून फोमचे तुकडे ठेवते. काही आठवड्यांनी तिथे अंगठा थोडा रुतू लागतो. तो पहिला खड्डा मी रुग्णाला त्याच्याच अंगठ्याने पाडायला लावते.

हलक्या हाताच्या मालिशची पद्धत एमिल आणि एस्ट्रिड व्होडर या डॅनिश दांपत्याने १९३० च्या दशकात मांडली. जर्मनीत फोल्डी पती-पत्नींनी मालिश, बँडेज, व्यायाम आणि त्वचेची निगा यांची एक मोट बांधली. आजही जगभर हाच मुख्य उपचार आहे. केरळात कासारगोडच्या 'इन्स्टिट्यूट ऑफ अप्लाइड डर्मेटॉलॉजी'ने त्याला आयुर्वेद आणि योगाची जोड देऊन हत्तीपायाच्या रुग्णांवर मोठं काम केलं आहे.

विदर्भातल्या मे महिन्यात बँडेज बांधणं ही शिक्षा असते, हे मी नाकारत नाही. भर दुपारी सोडा, पाय उंच करून पडा, ऊन कललं की पुन्हा बांधा. महिनाभर सोडून दिलं तर कमावलेलं जातं. मधुमेहाने पायाचा रक्तपुरवठा कमी झाला असेल किंवा हृदय कमजोर असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय दाब देऊ नये.

७. हात वापरा.

स्तनाच्या ऑपरेशननंतर बायकांना सांगितलं जातं, त्या हाताने काही उचलू नका. मग पोळ्या लाटणं थांबतं, खांदा धरतो, रेडिएशनने आधीच आवळलेली छाती-काखेची कातडी आणखी आवळते. २००९ मध्ये अमेरिकेत कॅथरिन श्मिट्झ यांनी हात सुजलेल्या स्त्रियांना देखरेखीखाली हळूहळू वजन उचलायला लावलं. सूज वाढली नाही, उलट त्रास बळावण्याचे प्रसंग कमी झाले. थोड्यापासून सुरू करा, शिकून करा, पण करा.

८. कडकपणा विरघळवणारी गोळी अजून हाती नाही.

दाह हेच मूळ असेल तर दाह कमी करणारं औषध का देत नाही, असं शिकलेले रुग्ण विचारतात. प्रश्न रास्त आहे. स्टॅनफर्डमध्ये स्टॅन्ली रॉकसन यांनी किटोप्रोफेन हे दाहशामक देऊन पाहिलं. २०१८ मध्ये आलेल्या निष्कर्षांत कातडीची जाडी कमी झाली, पण सुजेचं आकारमान फारसं घटलं नाही. त्याच दिशेचं युबेनिमेक्स हे दुसरं औषध पायाच्या लिम्फेडेमावरच्या चाचणीत अपयशी ठरलं. मला या संशोधनाबद्दल आस्था आहे, आशाही आहे. पण कुणी दुकानातून दुखणं कमी करणाऱ्या गोळ्या आणून महिनोन् महिने खाऊ नयेत. जठर आणि मूत्रपिंडं त्याची किंमत मोजतात.

शस्त्रक्रियेचंही तसंच. लसिकावाहिनी बारीक शिरेला जोडून देण्याची शस्त्रक्रिया आहे, पण जोडायला जिवंत, आकुंचन पावणारी वाहिनी हवी. भिंती कडक झाल्यावर जोडणार काय? ब्रॉर्सन यांच्या पद्धतीने चरबी काढता येते, पण त्यानंतर दाबाची बाही आयुष्यभर घालावी लागते.

९. सरकारी गोळ्या घ्याच, पण त्यांच्याकडून भलती अपेक्षा नको.

आशाताई घरी येऊन हत्तीरोगाच्या गोळ्या समोर खाऊ घालतात. २०१९ च्या सुरुवातीला नागपूर जिल्ह्यात तीन औषधांची एकत्र मात्रा सुरू झाली, देशातल्या पहिल्या काही जिल्ह्यांत. देशाने हत्तीरोग निर्मूलनासाठी २०२७ चं लक्ष्य ठेवलं आहे. या गोळ्या रक्तातले जंतू मारतात, त्यामुळे डासांमार्फत पुढच्या माणसाकडे जाणारी साखळी तुटते. "गोळ्या खाल्ल्या तरी पाय उतरला नाही," म्हणून लोक पुढच्या वर्षी त्या टाळतात. कडक झालेला पाय त्या गोळ्यांनी उतरणारच नाही. त्या तुमच्या लेकरांचे पाय वाचवण्यासाठी आहेत.

१०. पाय लपवला की तो वाढतो.

लुगड्याच्या ओच्याखाली, चादरीखाली, लांब पँटखाली पाय झाकला जातो. लग्न मोडेल, एसटीत शेजारी कुणी बसणार नाही, ही भीती खरी असते. पण हत्तीपाय शिवल्याने कुणाला होत नाही, आणि उपचारांनंतर हात सुजला तर त्यात त्या बाईचा काही दोष नसतो. जुन्या, दुर्लक्षित सुजेत क्वचित जांभळट डाग किंवा न भरणारी जखम येते आणि ती कर्करोगाची असू शकते. असं काही दिसलं तर झाकू नका, त्याच आठवड्यात दाखवा.

संध्याकाळी येणारी आणि सकाळी ओसरणारी सूज ज्यांना आहे, त्यांना माझं सांगणं आहे की उपचाराचा सर्वांत जास्त उपयोग तुम्हालाच होणार आहे, म्हणून आता या. कर्करोगाचं ऑपरेशन ठरलं असेल तर आधी दोन्ही हातांचे घेर टेपने मोजून लिहून ठेवा, म्हणजे नंतरचा फरक लवकर कळेल. आणि घरात हत्तीपायाचा रुग्ण असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात नाव नोंदवा. सरकारी कार्यक्रमात अशा रुग्णांसाठी टब, मग, टॉवेल, साबण आणि बुरशीवरचं मलम असलेलं किट असतं. ते मागून घ्या.